पित्तनलिकेतला अडथळा आणि ‘या वयात झेपेल का?’ हा प्रश्न

सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाला कावीळ झाली आणि सोनोग्राफीत पित्तनलिका (यकृतातले पित्त आतड्यात नेणारी नळी) फुगलेली दिसली, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: या वयात ऑपरेशन झेपेल का? पित्तनलिकेतील अडथळ्यावरच्या उपचारांचा इतिहासही बराचसा याच प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

बर्लिनमध्ये कार्ल लँगेनबुख यांनी १८८२ मध्ये प्रथम पित्ताशय काढले आणि त्यानंतरच्या दशकभरात नलिका उघडून तीत अडकलेला पित्ताचा खडा काढण्याच्या शस्त्रक्रियाही यशस्वी होऊ लागल्या. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय उघडले, तेव्हा पोट उघडण्यावाचून या आजाराला जगात कोठेही दुसरा इलाज नव्हता. त्यात आणखी एक अडचण होती. पित्त आतड्यात उतरले नाही तर ‘के’ जीवनसत्त्व शोषले जात नाही, रक्त गोठत नाही आणि कावीळ झालेला रुग्ण शस्त्रक्रियेनंतर रक्तस्रावाने दगावतो. या जीवनसत्त्वाच्या शोधासाठी डॅम आणि डॉइझी यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच्या इंजेक्शनाने हा एक धोका तरी पुष्कळ कमी झाला.

वयोवृद्धांसाठी खरे वळण आले ते दुर्बिणीमुळे. तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेच्या मुखात बारीक नळी सरकवता येते, हे अमेरिकेत विल्यम मॅक्यून यांनी १९६८ मध्ये दाखवले. १९७४ मध्ये जर्मनी आणि जपान येथील डॉक्टरांनी स्वतंत्रपणे ते मुख आतून कापून खडे काढण्याची रीत मांडली. आपल्याकडे आज सर्रास ‘ईआरसीपी’ म्हणतात ती हीच. तिचे मोल सर्वांत स्पष्ट झाले ते हाँगकाँगच्या १९९२ च्या अभ्यासात: नलिकेत तीव्र जंतुसंसर्ग झालेल्या ८२ रुग्णांपैकी शस्त्रक्रिया झालेल्यांत सुमारे ३२ टक्के, तर दुर्बिणीने पित्ताला वाट करून दिलेल्यांत १० टक्के मृत्यू झाले.

तरीही ईआरसीपी निर्धोक नाही. तिच्यानंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. दुर्बीण नलिकेपर्यंत पोहोचली नाही, तर १९७० च्या दशकात रुळलेली, त्वचेतून यकृतात नळी घालण्याची पद्धत हाताशी असते, मात्र मग बाहेर लटकणारी पिशवी सांभाळावी लागते, आणि थकलेल्या माणसाला तिचा जाच फार होतो.

अडथळा कर्करोगाचा असेल आणि मोठी शस्त्रक्रिया पेलणार नसेल, तर स्टेंटचा, म्हणजे नलिका उघडी ठेवणाऱ्या बारीक नळीचा, पर्याय येतो. प्लास्टिकचा स्टेंट १९८० च्या सुमारास आला, पण तो साधारण तीन-चार महिन्यांत गाळाने तुंबतो. नंतर आलेला धातूचा जाळीदार स्टेंट अधिक रुंद उघडतो, जास्त काळ टिकतो आणि महागही पडतो.

या भागात कावीळ म्हटली की झाडपाला किंवा गळ्यातली माळ अजूनही आठवते. यकृताच्या विषाणूजन्य कावीळीत रुग्ण बहुधा आपोआप बरा होतो आणि श्रेय माळेला जाते. अडलेल्या नलिकेला मात्र वाट करून द्यावीच लागते. म्हाताऱ्या माणसात पोटदुखी पुष्कळदा ठळक नसते. थंडी वाजून ताप, पांढुरकी शौच, अंगाला खाज किंवा नुसते असंबद्ध बोलणे, एवढीच काय ती खूण असते. माळेच्या भरवशावर आठवडा गेला, की ‘झेपेल का’ या प्रश्नाचे उत्तर वयापेक्षा त्या आठवड्यावरच अधिक अवलंबून राहते.