आधी औषध, मग कारण : नैराश्याच्या उपचारांची पार्श्वभूमी

नैराश्यावरची पहिली दोन आधुनिक औषधे नैराश्यासाठी शोधलेली नव्हती. एक क्षयासाठी होते, दुसरे स्किझोफ्रेनियावर करून पाहिले जात होते. दोन्ही लागू पडली ती योगायोगाने, आणि का लागू पडली याचा शोध त्यानंतर सुरू झाला. ‘मेंदूतले सेरोटोनिन (चेतापेशींमध्ये निरोप नेणारे एक रसायन) कमी झाले की नैराश्य येते’ हे सतत कानावर पडणारे विधान याच उलट्या क्रमातून जन्मले. गोळीचा गुण यायला आठवडे का लागतात, बरे वाटताच ती का सोडायची नाही आणि सेरोटोनिनची कमतरता सिद्ध झालेली नसताना ती उपयोगी कशी पडते, हे प्रश्न या क्रमाकडे पाहिल्याशिवाय नीट सुटत नाहीत.

त्याआधीची सुमारे दोन हजार वर्षे क्रम सुलटा होता : आधी कारण, मग उपचार. हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांच्या मते शरीरातले काळे पित्त वाढले की माणूस खिन्न होतो. ‘मेलँकोलिया’ या शब्दाचा अर्थच काळे पित्त. दुसऱ्या शतकात गेलनने हा विचार पक्का केला. मग पित्त काढण्यासाठी जुलाब देणे, रक्त काढणे हे ओघानेच आले, आणि सिद्धान्त सुसंगत असल्यामुळे उपचार निरुपयोगी आहे हे शतकानुशतके कोणाच्या लक्षात आले नाही. मात्र त्याच वैद्यांचे एक निरीक्षण टिकून राहिले. भीती आणि खिन्नता दीर्घकाळ मुक्काम ठोकून बसली तर तो आजार समजावा, असे त्यांनी लिहून ठेवले होते. दुःख होणे वेगळे आणि दुःख न हटणे वेगळे, हा फरक आजच्या निदानातही आहे. पित्त गेले, मुदत राहिली.

मुदत आणि आजाराचा पुढचा प्रवास यांवर भर दिला तो जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिनने. १८९९ साली त्याने मनोविकारांचे दोन मोठे गट मांडले. एकात माणूस हळूहळू खालावत जातो. दुसऱ्यात झटके येतात, ओसरतात आणि मधल्या काळात तो पूर्ववत असतो. या दुसऱ्या गटात त्याने निव्वळ खिन्नतेचे झटके आणि उन्मादाचे झटके एकत्र घातले. ते वेगळे असल्याचा पुरावा यायला १९६६ साल उजाडले. तेव्हा यूल्स आंग्स्ट आणि कार्लो पेरिस यांनी, स्वतंत्रपणे, केवळ नैराश्य येणारे रुग्ण आणि दोन्ही टोके अनुभवणारे रुग्ण यांची कुटुंबे आणि आजाराचा क्रम वेगळा असल्याचे दाखवले. याचे व्यावहारिक मोल मोठे आहे. दोन्ही टोकांच्या, म्हणजे बायपोलर, आजारात एकटी नैराश्यविरोधी गोळी दिली तर रुग्ण उन्मादाकडे झुकू शकतो. म्हणून पहिल्या गोळीआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : झोपेची गरजच न वाटता कित्येक दिवस अफाट उत्साह, अखंड बडबड, बेफाम खर्च असे कधी झाले होते का? रुग्णाला तो काळ आजार वाटत नाही, त्यामुळे घरच्यांनाही विचारावे लागते. हा प्रश्न राहून जातो आणि मग ‘गोळीने उलटाच परिणाम केला’ अशी तक्रार येते.

विसाव्या शतकातला पहिला खरोखर प्रभावी उपचार चुकीच्या सिद्धान्तातून आला, हे तर अधिकच गमतीचे. अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया एकत्र नांदत नाहीत, अशी समजूत धरून लाडिस्लास मेडुना याने १९३४ साली रसायनांनी अपस्मारासारखे झटके आणायला सुरुवात केली. १९३८ मध्ये रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचिओ बिनी यांनी त्यासाठी वीज वापरली. समजूत चूक निघाली, पण तीव्र नैराश्यात ‘ईसीटी’ (विजेने झटका आणण्याचे हे तंत्र) इतके गुणकारी ठरले की आजही त्याची जागा भरून निघालेली नाही. सुरुवातीला भूल न देता झटके देत आणि त्यात हाडे मोडत. या उपचाराची भयंकर प्रतिमा तिथली आहे. आता भूल आणि स्नायू सैल करणारे औषध देतात, आठवड्याला दोन-तीन वेळा, एकूण साधारण ६ ते १२. अन्नपाणी सोडलेला किंवा स्वतःच्या जिवावर उठलेला रुग्ण असेल तेव्हा याचा विचार लवकर व्हायला हवा. उपचाराच्या आसपासच्या काळातल्या आठवणी पुसट होतात, काहींच्या कायमच्या जातात. हे आधी सांगायचे असते. आणि नंतर गोळी चालू ठेवली नाही तर आजार बहुधा काही महिन्यांतच परततो.

१९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड देताना डॉक्टरांच्या लक्षात आले की फुप्फुसे सुधारण्याआधीच रुग्णांची भूक, झोप आणि उत्साह परत येतो आहे. १९५७ साली नेथन क्लाइन आणि सहकाऱ्यांनी ते नैराश्यावर वापरल्याचे निष्कर्ष जाहीर केले. हे औषध सेरोटोनिन, नॉरॲड्रेनालिन यांसारखी मेंदूतली निरोप्या रसायने मोडणारे मोनोअमाइन ऑक्सिडेझ हे विकर (एन्झाइम) अडवते. पण हेच विकर जुन्या चीजमध्ये असणाऱ्या टायरामिनचाही निचरा करत असते, त्यामुळे ते अडलेले असताना असे चीज खाल्ले की रक्तदाब एकाएकी भडकतो. हा संबंध १९६३ मध्ये बॅरी ब्लॅकवेल यांनी दाखवला. या गटातली औषधे आजही वापरात आहेत, पण आहाराची यादी हातात देऊनच.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडच्या म्यून्स्टरलिंगेनमध्ये रोलांड कून गायगी कंपनीचे एक रसायन स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर वापरून पाहत होते. तिथे ते फसले. कून यांनी तेच खिन्न रुग्णांना दिले आणि काही आठवड्यांत ती माणसे पुन्हा बोलू-चालू लागली. ते इमिप्रामिन. कून यांनी १९५७ मध्ये हे छापले, तेही आकडेवारीच्या थाटाशिवाय, बारकाईने पाहिलेल्या रुग्णांच्या जोरावर.

आता कारण शोधणे आले. १९६१ मध्ये ज्यूलियस ॲक्सेलरॉड यांनी दाखवले की इमिप्रामिन नॉरॲड्रेनालिनचे चेतापेशीत परत शोषले जाणे रोखते. दुसरा धागा सर्पगंधेचा होता. तिच्या मुळांतून काढलेले रेसर्पिन रक्तदाबासाठी दिले जाई. ते मेंदूतली नॉरॲड्रेनालिन, सेरोटोनिन ही रसायने रिकामी करते आणि काही रुग्ण त्यावर खिन्न झाल्याचे नोंदले गेले होते. वाढवले की बरे, घटवले की आजार, असे दोन्ही बाजूंनी जुळल्यासारखे दिसले. अशा रसायनाच्या कमतरतेने नैराश्य येते, असे गृहीतक १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रेनालिनवर भर देत मांडले, १९६७ मध्ये ॲलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनवर. गैरसोयीचा पुरावा तेव्हाही छापलेला होता : १९५५ मध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांच्या चाचणीत चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांना त्याच रेसर्पिनने बरे वाटले होते. तो निष्कर्ष कोणी फारसा मनावर घेतला नाही.

सेरोटोनिनच्या या गृहीतकावर बेतून फ्लुओक्सेटिन हे औषध बनवले गेले. अमेरिकेत त्याला डिसेंबर १९८७ मध्ये मान्यता मिळाली. ते इमिप्रामिनहून अधिक गुणकारी नव्हते. त्याचा फायदा सुरक्षिततेत होता : जुन्या गटातली औषधे मात्रा जास्त झाली तर हृदयाची लय बिघडवतात, नेहमीच्या मात्रेतही तोंड कोरडे पाडतात, बद्धकोष्ठ करतात, आणि म्हणून भीतीपोटी अपुऱ्या मात्रेतच दिली जात. जाहिरातींनी मात्र ‘रासायनिक असंतुलन’ विकले. मुळात अडचण उघड होती. गोळी सेरोटोनिनवर काही तासांत काम करते, माणसाला बरे वाटायला आठवडे लागतात. २०२२ मध्ये जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा नैराश्यात सेरोटोनिन कमी असल्याचा सुसंगत पुरावा सापडला नाही. यावरून ‘म्हणजे गोळ्या थोतांड’ असा निष्कर्ष काढणारे पुन्हा तीच चूक करतात : उपचाराची परीक्षा सिद्धान्तावरून. २०१८ मध्ये आंद्रेआ चिप्रियानी यांच्या गटाने २१ औषधांच्या ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण एकत्र तपासले. सगळी २१ औषधे लुटुपुटीच्या (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा सरस ठरली, फरक मात्र सरासरीने बेताचाच होता आणि बहुतेक चाचण्या सुमारे ८ आठवड्यांच्या होत्या.

मग कारण काय? एक नाहीच. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३७ टक्के धरला जातो, पण ‘नैराश्याचे जनुक’ सापडलेले नाही. २०१८ च्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातली ४४ ठिकाणे हाती लागली, प्रत्येकाचा परिणाम नगण्य. १९७८ मध्ये जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी दक्षिण लंडनमधल्या स्त्रियांच्या मुलाखतींतून दाखवले की नैराश्याआधी बहुधा एखादा मोठा आघात असतो, आणि ज्यांना मन मोकळे करायला जवळचे माणूस नाही त्यांना तो अधिक मोडतो. शरीराची बाजूही तितकीच खरी. हिपॅटायटिस-सी साठी इंटरफेरॉन दिलेल्यांपैकी बऱ्याच जणांना उपचार चालू असतानाच नैराश्य आले, त्यावरून दाह आणि मनःस्थिती यांचा संबंध पुढे आला. म्हणून पहिल्या भेटीत थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासणे, स्टिरॉइडसारखी औषधे आणि दारूचे प्रमाण विचारणे ही औपचारिकता नाही, चौकशीचा पाया आहे.

आपल्याकडचा ‘नैराश्य’ हा शब्द थोडा दिशाभूल करतो. आशा संपली असे म्हणत येणारे थोडे. झोप लागत नाही, अंग दुखते, कशात रस वाटत नाही, साधे ठरवता येत नाही असे म्हणणारे पुष्कळ. आजच्या निकषांनुसार नऊपैकी किमान पाच लक्षणे दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात, आणि त्यांत खिन्न मन किंवा रस नाहीसा होणे यांपैकी एक हवेच. ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची, ० ते २७ गुणांची प्रश्नावली चाळणीसाठी आहे : १० किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासायचे. गुण म्हणजे निदान नव्हे. तिचा खरा उपयोग उपचार सुरू झाल्यावर, तीच प्रश्नावली पुन्हापुन्हा भरून घेऊन गुण उतरतात का ते पाहण्यात आहे.

गोळी सुरू केल्यावर पहिला आठवडा सर्वांत वाईट असू शकतो : मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता आधी येते आणि गुण नंतर. इथेच अनेकजण सोडून देतात. पुरेशी मात्रा ४ ते ६ आठवडे घेतल्याशिवाय ‘लागू पडली नाही’ म्हणता येत नाही. मात्र दोन-चार आठवड्यांत तिळभरही फरक नसेल तर मात्रा किंवा औषध बदलण्याची चर्चा करावी. २००६ मध्ये निष्कर्ष आलेल्या ‘स्टार-डी’ या अमेरिकी अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण तीनांत एकच रुग्ण पूर्ण बरा झाला, त्यामुळे दुसरे औषध लागणे हा अपवाद नाही. २५ वर्षांखालच्या रुग्णांवर सुरुवातीला आणि मात्रा बदलताना अधिक लक्ष ठेवावे लागते, कारण आत्महत्येचे विचार वाढू शकतात. त्याबद्दल सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आले तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, घरातली औषधे-विषारी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्याव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

बरे वाटल्यावर किमान सहा महिने तीच मात्रा चालू ठेवायची, आजार वारंवार येत असेल तर दोन वर्षे किंवा जास्त. २००३ मधल्या ३१ चाचण्यांच्या आढाव्यात औषध थांबवलेल्यांपैकी ४१ टक्क्यांचा आजार उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी १८ टक्क्यांचा. सोडताना मात्रा उतरत्या पायऱ्यांनी कमी करतात आणि शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान असाव्या लागतात. फ्लुओक्सेटिनच्याच गटातले सिटालोप्रॅम २० मिलिग्रॅम घेतले तर सेरोटोनिनवाहक प्रथिनांपैकी (सेरोटोनिन पेशीत परत ओढणाऱ्या) सुमारे ८० टक्के व्यापते. ६० मिलिग्रॅमने तो आकडा ९० च्या आतच राहतो. म्हणजे ६० वरून २० वर उतरणे मेंदूला फारसे जाणवत नाही, ५ वरून शून्यावर जाणे जाणवते. चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, चिडचिड ही लक्षणे तेव्हाची. पॅरॉक्सेटिनने ती जास्त होतात, शरीरात खूप काळ टिकणाऱ्या फ्लुओक्सेटिनने कमी. यांना आजार उलटला असे समजून गोळी कायमची चालू ठेवली जाते, हा नेहमीचा घोटाळा. सोडल्यावर दोन-तीन दिवसांत सुरू होणारी, विशेषतः शारीरिक लक्षणे बहुधा सोडण्याची असतात. आजार आठवड्या-महिन्यांनी हळूहळू परततो.

संवादोपचारांचा उगमही असाच आडवाटेचा आहे. ॲरन बेक फ्रॉइडचा सिद्धान्त पडताळायला निघाले होते : नैराश्य म्हणजे आत वळलेला राग. रुग्णांच्या स्वप्नांत त्यांना राग सापडला नाही, सापडले ते पराभव आणि स्वतःबद्दलचे आपोआप उमटणारे कठोर विचार. ते लिहून काढायचे आणि पुराव्यावर घासून पाहायचे, अशी पद्धत त्यांनी १९६० च्या दशकात बसवली. सहसा १२ ते २० सत्रे. मग १९९६ मध्ये नील जेकबसन यांनी या पद्धतीचे भाग सुटे करून तपासले आणि फक्त कृतीचा भाग संपूर्ण उपचाराइतकाच चालतो असे आढळले. त्या भागात आठवडाभर तासातासाला काय केले आणि मन कसे होते (० ते १०) हे लिहितात. मग मन किंचित वर नेणाऱ्या दोन-तीन गोष्टी वेळ ठरवून वेळापत्रकात टाकतात आणि मनात असो-नसो त्या वेळी करतात. फसते ते दोन ठिकाणी : काम फार मोठे निवडले जाते, किंवा ‘हुरूप आला की करू’ म्हणून वाट पाहिली जाते. इथे हुरूप कृतीच्या मागून येतो. तीव्र आजारात मात्र हे एकटे बहुधा पुरत नाही, गोळी आणि संवाद दोन्ही एकत्र लागतात.

असे उपचार द्यायला तज्ज्ञच हवा असेही नाही. झिंबाब्वेत डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून आरोग्यसेविका आज्यांना दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवून समस्या सोडवण्याची सत्रे घ्यायला शिकवले. तिथल्या शोना भाषेत या आजाराला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे अति विचार करणे. २०१६ मध्ये छापलेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर त्या गटाची लक्षणे नेहमीच्या उपचारापेक्षा स्पष्टपणे कमी होती.

आणि उलटा क्रम अजून सुटलेला नाही. भुलीचे औषध केटामीन काही तासांत नैराश्य हलके करते, असे २००० साली एका लहानशा चाचणीत दिसले. त्याच्याच भावंडाला, एस्केटामीनच्या नाकातल्या फवाऱ्याला, अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. देताना दवाखान्यात दोन तास देखरेख लागते, कारण रक्तदाब चढतो आणि भान सुटल्यासारखे होते. गुण टिकवायला ते पुन्हापुन्हा द्यावे लागते. ते ग्लुटामेट या मेंदूतल्या आणखी एका निरोप्या रसायनाच्या ग्राहींवर (ते पकडणाऱ्या प्रथिनांवर) काम करते, म्हणून आता नैराश्य ग्लुटामेटच्या बिघाडाने येते असे मांडले जाऊ लागले. पण २०१८ मध्ये एका छोट्या अभ्यासात अफूसारख्या पदार्थांचा असर रोखणारे नॅलट्रेक्सोन आधी दिले, तर केटामीनचा गुण बराचसा नाहीसा झाला. ग्लुटामेटच्या कहाणीत हे कुठे बसवायचे यावर वाद सुरू आहे.