ऑनलाइन दुकान आणि ई-मेल मार्केटिंग यांची डेटा-जोडणी

ऑनलाइन दुकानाच्या बॅकएंडमध्ये साठणारी ग्राहक, ऑर्डर, उत्पादने आणि कार्ट यांची माहिती ई-मेल मार्केटिंगच्या प्लॅटफॉर्मपर्यंत आपोआप पोहोचवण्याची, आणि तिकडे झालेले काही बदल दुकानाकडे परत आणण्याची व्यवस्था. या कामात वावरणारे लोक हिला ‘इंटिग्रेशन’ किंवा नुसते ‘सिंक’ म्हणतात. जोडणी नसेल तर मेल पाठवणाऱ्या प्रणालीला फक्त पत्त्यांची यादी दिसते. जोडणी असेल तर त्या पत्त्यामागच्या माणसाने काय घेतले, केव्हा घेतले, काय परत केले आणि त्याला मेल हवे आहेत की नाहीत, हे कळते. यातली शेवटची बाब बहुतेक ठिकाणी सर्वांत उशिरा हाताळली जाते. खरे तर जोडणीची आखणी तिथूनच सुरू व्हायला हवी.

पूर्वी दुकानदार अधूनमधून ग्राहकांची सीएसव्ही फाइल (रकान्यांतली साधी यादी) उतरवून घेत आणि मेलच्या प्रणालीत चढवत. फाइल चढेपर्यंत ती जुनी झालेली असे. कालच वस्तू विकत घेतलेल्या माणसाला आज त्याच वस्तूवर सूट देणारा मेल जाई. हे चित्र बदलले ते प्रणालींना एकमेकींशी थेट बोलता येऊ लागल्यावर. संगणकशास्त्रज्ञ रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात वेबवरच्या प्रणाली कशा बांधाव्यात याची ‘रेस्ट’ ही मांडणी केली आणि पुढे वेबवरचे बहुतेक एपीआय, म्हणजे एका प्रणालीने दुसरीकडे माहिती मागण्याचे ठरलेले मार्ग, त्या धाटणीने बांधले गेले. २००७ मध्ये प्रोग्रॅमर जेफ लिंडसे यांनी ‘वेबहुक’ ही कल्पना मांडली : दुसऱ्या प्रणालीने सतत विचारत बसण्यापेक्षा, काही घडले की पहिल्या प्रणालीनेच तसे कळवावे. याच सुमारास दुकाने चालवण्याची सॉफ्टवेअरही आकार घेत होती. शॉपिफाय २००६ मध्ये, मॅजेंटो २००८ मध्ये आणि वूकॉमर्स २०११ मध्ये आले. मेलच्या बाजूला मेलचिंप २००१ पासून होते. २०१२ मध्ये निघालेल्या क्लाव्हियोने दुकानातील खरेदीचा डेटा मध्यभागी ठेवून मेल पाठवण्यावर भर दिला.

या जोडणीला व्यवसायात किती वजन आहे, हे मार्च २०१९ मध्ये दिसले. शॉपिफाय आणि मेलचिंप यांचा संबंध तेव्हा तुटला. दुकानांवर गोळा झालेली ग्राहकांची माहिती आणि मेल नको असल्याच्या नोंदी मेलचिंप दुकानाकडे परत पाठवत नाही, अशी शॉपिफायची तक्रार होती. शॉपिफायने पुढे केलेल्या अटी मेलचिंपला मान्य नव्हत्या. दोन्ही सेवा वापरणाऱ्यांना मधल्या काळात त्रयस्थ जोडण्यांवर काम भागवावे लागले. २०२१ मध्ये दोघांची जोडणी पुन्हा सुरू झाली. भांडण सगळे परतीच्या वाटेवरचे होते, आणि या विषयात मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे तेच आहे.

काय पाठवायचे

डेटा दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे स्थिती : ग्राहकाचे नाव, भाषा, आजवरची एकूण खरेदी, मेलसाठी दिलेली संमती. ही बदलत राहते आणि बदलली की जुनी नोंद पुसली जाते. दुसरा म्हणजे घटना : ऑर्डर दिली, पैसे परत केले, वस्तू कार्टमध्ये टाकली. घटना घडून गेलेली असते, ती पुसायची नसते. एकामागून एक साठवायची असते. हा फरक न पाळता सगळेच ग्राहकाच्या नोंदीतल्या फील्डमध्ये (रकान्यात) कोंबले, की ‘शेवटची ऑर्डर’ तेवढी उरते आणि आधीच्या ऑर्डरींचा इतिहास हरवतो. मग ‘सहा महिन्यांत दोनदा खरेदी केलेले’ असा गट काढायची सोयच राहत नाही.

एका ऑर्डरची घटना जवळून पाहू. तिच्यात ऑर्डरचा क्रमांक हवा, वेळ हवी, चलन हवे, प्रत्येक वस्तूचा उत्पादन-क्रमांक, प्रकार, नग आणि दर हवा, लावलेली सूट हवी, आणि शेवटी भरलेली रक्कम हवी. वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत पाठवावी. स्थानिक वेळ टाइमझोनशिवाय पाठवली तर मध्यरात्रीच्या आसपासच्या ऑर्डरी चुकीच्या तारखेला पडतात. रक्कम पाठवताना कर आणि पाठवणीचा खर्च धरला आहे की नाही, हे एकदा ठरवून कायम तसेच ठेवावे. काही एपीआय रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात, म्हणजे पूर्णांकात, मागतात, तर काही दशांशात. हा घोळ झाला की आकडे थेट शंभर पटीने चुकतात. आणि परतावा ही स्वतंत्र घटना म्हणून पाठवायलाच हवी. ती पाठवली नाही, तर सगळा माल परत करणारा ग्राहक ‘सर्वाधिक खर्च करणाऱ्यां’च्या गटात जाऊन बसतो आणि त्याला खास सवलतीचे मेल जात राहतात.

उत्पादनांची यादीही वेगळी जुळवावी लागते, कारण मेलमध्ये चित्र, नाव, दुवा आणि साठा दिसायचा असतो. संपलेल्या वस्तूची शिफारस करणारा मेल बहुतेक वेळा इथल्याच दुर्लक्षाने जातो.

माणूस एकच आहे हे कसे ओळखायचे

मेलच्या प्रणालीत ओळखीची खूण असते ई-मेल पत्ता. दुकानात असतो ग्राहक-क्रमांक. या दोहोंची सांगड वाटते तितकी सोपी नाही. खाते न उघडता केलेल्या खरेदीत ग्राहक-क्रमांक नसतो, किंवा दर वेळी नवा तयार होतो. पत्ता बदलला तर मेलच्या बाजूला तो नवा माणूस ठरतो आणि त्याचा जुना इतिहास अनाथ होतो. म्हणून दुकानाचा ग्राहक-क्रमांकही मेलच्या नोंदीत बाह्य ओळख म्हणून साठवावा. पत्त्यातील मागची-पुढची मोकळी जागा काढून तो लहान लिपीत साठवण्याची रीत आहे. मेल पाठवण्याच्या एसएमटीपी या मानकानुसार ‘@’ चिन्हाच्या आधीच्या भागात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असू शकतो, पण व्यवहारात मोठ्या सेवा तो मानत नाहीत. याच्या पुढे जाऊन, पत्त्यातील टिंबे काढून टाकून दोन नोंदी एकच आहेत असे स्वतःच ठरवणे मात्र टाळावे. एकाची खरेदी दुसऱ्याच्या मेलमध्ये दिसणे हा खाजगीपणाचा भंग आहे आणि तो भरून काढता येत नाही.

डेटा कसा वाहतो

चांगल्या जोडणीत तीन वाटा एकत्र चालतात. पहिली, सुरुवातीची भरणी : आजवरचे सगळे ग्राहक आणि ऑर्डरी एकदा वाहून नेणे. दुसरी, वेबहुक : नवी घटना घडताच ती कळवणे. तिसरी, ठरावीक वेळाने होणारा ताळमेळ : शेवटच्या तपासणीनंतर ज्या नोंदी बदलल्या त्या एपीआयवरून पुन्हा मागून घेणे आणि दोन्हीकडची मोजणी जुळते का ते पाहणे. अनेकजण वेबहुक बसवून थांबतात. पण वेबहुक हरवतात. घेणारा सर्व्हर थोडा वेळ बंद असला, किंवा उत्तर द्यायला उशीर झाला, तर पाठवणारा काही वेळा पुन्हा प्रयत्न करतो आणि मग सोडून देतो. ताळमेळाची वाट नसेल तर हे नुकसान कुणाच्या ध्यानातही येत नाही. यादी हळूहळू विटत जाते.

उलट बाजूने, तोच वेबहुक दोनदाही येतो. ‘किमान एकदा पोहोचवू’ एवढीच हमी बहुतेक सेवा देतात. त्यामुळे प्रत्येक घटनेला एक अनन्य क्रमांक असावा आणि तो आधी पाहिलेला असेल तर घटना शांतपणे बाजूला टाकावी; नाहीतर एका ऑर्डरचे आभार दोनदा मानले जातात आणि विक्रीचा आकडा फुगतो. क्रमाचीही खात्री नसते. ‘ऑर्डर रद्द’ ही घटना ‘ऑर्डर दिली’ या घटनेच्या आधी पोहोचू शकते, म्हणून पोहोचण्याची वेळ न पाहता घटना घडल्याची वेळ पाहावी.

वेबहुक आला की त्याची सही तपासायची, रांगेत टाकायचा आणि लगेच यशाचे उत्तर द्यायचे. पुढची प्रक्रिया नंतर सावकाश. सहीसाठी सहसा दोघांनाच ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीवरून काढलेला एचमॅक हा पडताळणीचा संकेत वापरतात. ही तपासणी वगळली तर वेबहुक घेणारा वेब-पत्ता माहीत असलेला कुणीही खोट्या ऑर्डरी घुसवू शकतो. एपीआयच्या बाजूला विनंत्यांची मर्यादा असते. ती ओलांडली की ४२९ (‘फार विनंत्या झाल्या’) हे उत्तर येते. तेव्हा थांबायचे आणि दर खेपेला थांबण्याचा अवधी वाढवत पुन्हा विचारायचे.

सुरुवातीच्या भरणीत एक अपघात ठरलेला आहे. जुन्या ऑर्डरी ‘नव्या घटना’ म्हणून आत येतात, ‘ऑर्डर दिल्यावर आभाराचा मेल’ ही स्वयंचलित साखळी त्यावर सुरू होते आणि काही वर्षांपूर्वी खरेदी केलेल्यांना आज धन्यवाद जातात. साखळ्या आधी बंद ठेवून मगच इतिहास भरावा, किंवा भरणीच्या घटनांना वेगळे नाव द्यावे.

सोडून दिलेली कार्ट

जोडणीची खरी परीक्षा इथे होते. समजा, ग्राहकाने ९ वाजता कार्टमध्ये वस्तू टाकली, पत्ता भरला आणि निघून गेला. साखळी म्हणते, तासाभराने आठवण करा. ९:५५ ला तो परत येऊन पैसे भरतो. त्या ऑर्डरचा वेबहुक रांगेत अडकतो आणि १०:०३ ला पोहोचतो. मधल्या काळात, १० वाजता, ‘तुम्ही काहीतरी विसरलात’ असा मेल निघून गेलेला असतो. पैसे भरलेल्या माणसाला पहिली शंका येते ती पैसे मिळाले की नाहीत याची. म्हणून अट दोनदा तपासावी लागते : साखळी सुरू होताना आणि मेल प्रत्यक्ष पाठवण्याच्या क्षणी, आणि दुसऱ्यांदा तर वेबहुकवर न विसंबता थेट दुकानाला विचारून. थांबण्याचा अवधी नुसता मोठा ठेवून हा प्रसंग पूर्ण टळत नाही, कारण ग्राहक मेल निघण्याच्या जरा आधी कधीही पैसे भरू शकतो.

संमती

ऑर्डरची पावती, पाठवणीची सूचना, पासवर्ड बदलण्याचा दुवा हे व्यवहाराचे मेल. सवलती आणि नव्या मालाचे मेल हे प्रचाराचे. पहिल्यांसाठी पत्ता दिला म्हणजे दुसऱ्यांना होकार दिला असे होत नाही. त्यामुळे संमती हे स्वतंत्र फील्ड हवे आणि त्यासोबत ती केव्हा, कुठल्या फॉर्मवर, कोणत्या मजकुराखाली दिली याची नोंद हवी. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा डेटा-संरक्षणाचा कायदा, जो २५ मे २०१८ पासून लागू आहे, संमती दाखवून देण्याची जबाबदारी डेटा वापरणाऱ्यावरच टाकतो. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यात नकार १० कामकाजाच्या दिवसांत अमलात आणावा लागतो.

सगळ्यात मोठी गफलत होते ती ‘शेवटचा बदल खरा’ या नियमाने. ग्राहक मेलमधल्या दुव्यावरून अनसबस्क्राइब करतो. ती नोंद मेलच्या प्लॅटफॉर्मवर होते, दुकानाला तिची खबर नसते. रात्रीच्या सिंकमध्ये दुकान आपली जुनी ‘होय’ पुन्हा पाठवते आणि नकार पुसला जातो. माणसाने नाही म्हटल्यावरही मेल येत राहतात. यावर उपाय ठाम हवा : नकार कुठूनही आला तरी तो होकारावर मात करतो, आणि ग्राहकाने स्वतः नव्याने होकार दिल्याखेरीज तो उलटत नाही. नकार, स्पॅमची तक्रार आणि कायमचा परत आलेला मेल या तिन्ही नोंदी दुकानाकडे पोहोचायला हव्यात, तेही बाकी कशाहीपेक्षा लवकर.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनीही मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांवर हे बंधन घातले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (मेल खरोखर त्याच पाठवणाऱ्याचा आहे हे पडताळण्याच्या पद्धती) लागतात, प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकवर अनसबस्क्राइबची सोय लागते आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. एका क्लिकची ही पद्धत २०१७ मध्ये आरएफसी ८०५८ या इंटरनेटच्या मानकाने ठरवली.

मोजमाप आणि सुरक्षा

सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने मेल ॲपमध्ये खाजगीपणाचे संरक्षण आणले. त्यात मेलमधली चित्रे ग्राहकाने मेल उघडो वा न उघडो, आधीच उतरवली जातात. चित्र उतरले की मेल उघडला असे मोजले जाते, त्यामुळे ‘किती जणांनी मेल उघडला’ हा आकडा भरवशाचा राहिला नाही आणि दुकानातून येणाऱ्या ऑर्डरच्या डेटाचे मोल वाढले. पण मेलमुळे झालेली विक्री म्हणून प्लॅटफॉर्म जो आकडा दाखवतो, तो त्याच्या स्वतःच्या नियमावर अवलंबून असतो. क्लिकनंतर किती दिवसांत झालेली खरेदी मेलच्या खात्यावर टाकायची, हे जो तो आपापले ठरवतो. हिशेबासाठी दुकानाचाच आकडा धरावा.

जोडणीला लागेल तेवढीच परवानगी द्यावी. ऑर्डरी वाचायच्या असतील तर त्या बदलण्याचा अधिकार कशाला? कार्डाचा तपशील, पासवर्ड आणि मेलमध्ये कधीही न लागणारी माहिती पाठवूच नये. ग्राहकाने आपला डेटा पुसण्याची मागणी केली तर ती दोन्हीकडे पोहोचली पाहिजे, आणि रात्रीचा ताळमेळ ती नोंद पुन्हा जिवंत करत नाही ना, हे तपासले पाहिजे.

प्लॅटफॉर्म बदलताना आधी नकारांची आणि परत आलेल्या पत्त्यांची यादी न्यावी, ती नव्या ठिकाणी लागू झाल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच ग्राहक हलवावेत. जुनी जोडणी बंद करून तिच्या किल्ल्या रद्द कराव्यात. दोन्ही जोडण्या एकाच वेळी चालू राहिल्या तर प्रत्येक कार्टची आठवण दोनदा जाते.