गावात फायबर आलं, घरात नेट कधी? भारतनेटच्या जोडणीसाठी अर्ज कसा करायचा

ग्रामपंचायतीत गेलात की दप्तराच्या कपाटामागे एकदा डोकावून बघा. आमच्या गावात तिथे भिंतीवर एक पत्र्याची पेटी आहे. आत छोटं यंत्र आणि त्यावर ‘एलओएस’ लिहिलेला बारीक दिवा. हा दिवा लाल लागला की समजायचं, फायबरमधून सिग्नल येत नाही. आमच्याकडे तो अख्खा पावसाळा लाल होता. नळाच्या पाइपसाठी चर खणताना कुणा ठेकेदाराच्या जेसीबीनं केबल उचकटली होती.

पेटी बसली की सरकारी नोंदीत गाव ‘सर्व्हिस रेडी’, म्हणजे सेवेसाठी तयार, होतं. दिल्लीतला वाद याच शब्दाभोवती फिरतो. ऑक्टोबर २०११ मध्ये यूपीए सरकारनं देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायती फायबरनं जोडायची योजना मंजूर केली. २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. १५ ऑगस्ट २०२० ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून सांगितलं की हजार दिवसांत सगळ्या सहा लाख गावांत फायबर पोहोचेल. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये भरले आणि त्याच ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळानं सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. विरोधक म्हणतात, मुदती आणि नावंच बदलतात. सरकार म्हणतं, आमच्या आधी कामाला वेगच नव्हता. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण दोघंही पंचायती मोजतात, घरं नाही. आणि हा पैसा येतो कुठून? टेलिकॉम कंपन्या आपल्या महसुलाच्या ५ टक्के डिजिटल भारत निधी या केंद्राच्या निधीत भरतात, म्हणजे आपल्याच रिचार्जमधून.

आता अर्जाकडे. आधी तुमचं घर कुठे बसतं ते ठरवा, कारण अर्जाचं दार त्यावर बदलतं.

पेटी चालू असेल, तिचा लाल दिवा बंद असेल आणि घर त्याच गावठाणात असेल तर काम सोपं. अर्ज बीएसएनएलच्या तालुक्याच्या ग्राहक सेवा केंद्रात, त्यांच्या संकेतस्थळावर किंवा गावात ‘भारतनेट उद्यमी’ असेल तर त्याच्याकडे करायचा. उद्यमी म्हणजे गावातलाच केबलवाला किंवा तसाच कुणी. तो घरापर्यंत वायर ओढतो, दुरुस्ती बघतो आणि बिलातला वाटा घेतो. अर्जानंतर तुमच्या घरापर्यंत लाइन येऊ शकते का, हे आधी तपासलं जातं.

पात्रतेबद्दल गावात बराच गोंधळ आहे. ही घरकुलासारखी योजना नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्डाचा रंग, काही लागत नाही. पण नेट फुकटही नाही, महिन्याचं बिल येतं. केरळनं केफोन या आपल्या फायबर योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना मोफत जोडणी द्यायचं ठरवलं. भारतनेटमध्ये सरकारचा मुख्य खर्च तारेवर आहे, बिल तुमचंच.

कागदपत्रं थोडी आहेत: ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा (आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा वाहन परवाना), फोटो आणि ओटीपीसाठी चालू मोबाइल. गाडी अडते ती पत्त्यावर. गावाकडच्या निम्म्या तरण्या पोरांच्या आधारवर पुणे, पिंपरी नाहीतर ठाण्याचा पत्ता असतो. अशा वेळी अर्ज आईच्या किंवा वडिलांच्या नावावर करा, आधार बदलत बसू नका. भाड्यानं राहत असाल तर भाडेकरार जवळ ठेवा. मोडेम विकत की भाड्यानं, अनामत किती आणि परत मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि पावती कंपनीच्या नावाचीच घ्या. वायर ओढणाऱ्याच्या हातावर ठेवलेले पैसे हिशेबात धरले जात नाहीत.

तुमची वाडी किंवा वस्ती ग्रामपंचायतीच्या गावापासून दूर असेल तर एकट्याच्या अर्जानं फारसं हलत नाही. सुधारित योजनेत ग्रामपंचायत नसलेली सुमारे ३.८ लाख गावं ‘मागणीनुसार’ जोडायची आहेत. मागणी दिसायला कागद हवा. ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. त्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (आपले ग्रामसेवक; २०२४ पासून पदाचं नाव बदललं) विषय लेखी द्या आणि पोच घ्या. ठरावात वस्तीचं नाव, घरांची संख्या, शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र यांचा उल्लेख असू द्या. ठरावाची प्रत आणि इच्छुक घरांची सह्यांची यादी बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. ठराव नियमानं सक्तीचा नाही; पण पन्नास सह्यांचा कागद बाजूला सारणं अवघड जातं.

आणि दिवा लालच असेल तर? आधी विचारा की लाइन कुणाची. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्याचं काम केंद्राच्या यंत्रणेनं केलं, दुसऱ्या टप्प्याचं राज्याच्या महाआयटी या सरकारी कंपनीनं, ‘महानेट’ नावानं. त्यामुळे एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं. तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. तरी हललं नाही तर माहिती अधिकार. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या कार्यालयात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम ६(३) नुसार तो योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे.

‘इंटरनेट का नाही’ असं मात्र विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. असं लिहा: “आमच्या ग्रामपंचायतीची जोडणी कोणत्या तारखेला सुरू झाली, गेल्या बारा महिन्यांत किती दिवस बंद होती, देखभालीचं कंत्राट कुणाकडे आहे आणि त्याला किती दंड लावला, याच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात.”