घूस : घराच्या आवारातील ओळख आणि बंदोबस्त

घूस हा कृंतक गणाच्या म्युरिडी कुलातला, म्हणजे उंदराच्याच घराण्यातला, अंगाने मोठा आणि खोदण्यात तरबेज असा प्राणी आहे. शास्त्रीय नाव बँडिकोटा इंडिका. इंग्रजीतला ‘बँडिकूट’ हा शब्द मूळच्या तेलुगू ‘पंदिकोक्कु’वरून आला, त्याचा अर्थ डुक्कर-उंदीर. कोंडीत सापडलेली घूस पाठीवरचे राठ केस फुलवून गुरगुरते. ते एकदा ऐकले की नावाबद्दल शंका राहत नाही. ऑस्ट्रेलियातले बँडिकूट हे पोटाला पिशवी असलेले वेगळेच प्राणी आहेत. त्यांना हे नाव उगाच चिकटले.

घराच्या आवारात घुशीच्या खाण्यापेक्षा तिचे खोदकाम महागात पडते. परसातले सुरण, रताळी, अळूचे कांदे, केळीचे कंद आणि माडाच्या रोपाचा कोवळा कोंब ती खाते, खुराड्यातली अंडी आणि लहान पिल्लेही उचलते. पण फरसबंदी खचणे, जोत्याखालची भर निघून जाणे, गटाराच्या पाइपाचा सांधा उघडा पडणे, कुंपणाची भिंत कलणे ही नुकसाने दुरुस्त करायला हजारो रुपये लागतात, आणि ती दिसतात तेव्हा आत पोकळी होऊन महिने उलटलेले असतात. पेव्हर ब्लॉकवर पाय टाकल्यावर पोकळ आवाज आला, किंवा पहिल्याच मोठ्या पावसात भिंतीलगत माती बसली, तर आधी बीळ शोधावे.

ओळख

बंदोबस्ताची पहिली चूक ओळखीतच होते. आवारात बीळ दिसले की ‘घूस’ म्हणायची सवय आहे, पण खोदणारे किमान दोन आहेत. मोठी घूस पूर्ण वाढल्यावर साधारण अर्धा ते एक किलो भरते, क्वचित त्याहून जास्त. डोके-धड मिळून २० ते ३० सेंमी. आणि शेपूट जवळपास तेवढेच. रंग काळपट तपकिरी, पाठीवर लांब राठ केस, पाय काळे. दुसरी लहान घूस, बँडिकोटा बेंगालेन्सिस. तिचे वजन बहुधा २०० ते ३५० ग्रॅम आणि शेपूट धडापेक्षा स्पष्ट आखूड. शेतात भाताच्या लोंब्या तोडून बिळात साठवणारी हीच, आणि मुंबईच्या गोदामांत व गटारांत फार मोठ्या संख्येने असणारीही हीच. माळ्यावर, कौलांत, माडाच्या शेंड्यात फिरणारा घरउंदीर मात्र चढणारा प्राणी आहे; त्याचे शेपूट धडापेक्षा लांब असते. म्हणून मेलेला प्राणी हाती लागला तर आधी शेपूट धडाशी लावून पाहावे. शेपूट लांब असेल, तर अंगणातली बिळे बुजवून माळ्यावरची खुडबुड थांबणार नाही.

चिचुंदरी यांपैकी कोणीच नाही. लांब निमुळते नाक, बारीक डोळे, कस्तुरीसारखा उग्र वास आणि भिंतीच्या कडेने चिरचिरत धावणे ही तिची खूण. ती झुरळे आणि किडे खाते, जमीन पोखरत नाही. घुशीचे पिल्लू समजून तिला मारण्यात आपलाच तोटा आहे.

बिळावरूनही भेद कळतो. मोठ्या घुशीच्या बिळाचे तोंड १० सेंमी.च्या आसपास किंवा मोठे, बहुतेकदा उघडे, बाहेर घमेलेभर माती आणि तिच्यात विटेचे, चुन्याचे तुकडे. जागा ठरलेली : जोत्याचा कोपरा, हौदाची कड, लाकडांच्या किंवा कौलांच्या ढिगाखाली, कचऱ्याच्या खड्ड्याजवळ. लहान घूस आत शिरल्यावर मातीने तोंड आतून बंद करते. त्यामुळे भोक दिसतच नाही, दिसतो तो भुसभुशीत, ताज्या ओलसर मातीचा ढीग. नवखा माणूस उघडे भोक शोधत राहतो आणि ढिगावरून पुढे जातो. कोकणात ओल्या जागी खेकड्याचे बीळ असते. त्याच्या तोंडाशी चिखलाच्या गोळ्या असतात, मोकळी माती नसते.

अमेरिका, कॅनडा किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या हिरवळीत जो पोखरतो तो घूस नव्हे. तिथे बहुधा ‘व्होल’ असतो : मुठीत मावेल एवढा, बोथट तोंडाचा, अगदी आखूड शेपटीचा. बर्फ वितळल्यावर गवतात दोनेक इंच रुंदीच्या नागमोडी वाटा उघड्या पडतात आणि झाडाच्या बुंध्याची साल गोलाकार कुरतडलेली दिसते. त्याला लागतो तो बुंध्याभोवती पाव इंची जाळीचा वेढा, खाली जमिनीत काही इंच गाडलेला आणि वर नेहमीच्या बर्फाच्या थरापेक्षा उंच. घुशीसाठीचे उपाय तिथे तसेच्या तसे लागू पडत नाहीत.

चालू बीळ कोणते

एका घुशीच्या बिळाला तीन-चार तोंडे असू शकतात आणि जुनी बिळे ओसही पडलेली असतात. मोजणी अशी करतात : संध्याकाळी आवारातली सगळी तोंडे आणि ढीग ओल्या मातीने थापून सपाट करायचे, प्रत्येकाजवळ काडी रोवायची, आणि सकाळी उकरलेली तोंडे मोजायची. दोन रात्री हे केले की नेमका आकडा मिळतो. उंदरांचे काम करणारे लोक औषध टाकण्यापूर्वी आणि टाकल्यानंतर अशीच मोजणी करतात. नाहीतर उपाय लागू पडला की नाही हे कळायला मार्ग नाही. बिळात हात घालू नये. ओसाड बिळात धामण असते, नागही असतो. धामण असेल तर ती तुमचेच काम करत आहे.

घूस का टिकते

घूस निशाचर आहे. दिवेलागणीनंतर भिंतीच्या कडेने, रोज त्याच वाटेने निघते. पोहते उत्तम, चढते बेताचे. वर्षभर विते, एका वेताला पाच-सात पिल्ले होतात, कधी त्याहून अधिक. त्यामुळे चार मारल्या आणि अन्न तसेच राहिले, तर शेजारच्या गटारातून नव्या येऊन तीच बिळे बळकावतात. औषधावर दरवर्षी खर्च करणाऱ्या सोसायट्यांत घुशी दरवर्षी असतात त्या यामुळेच.

अन्न म्हणजे उघडा ओला कचरा, कुत्र्यासाठी रात्रभर ठेवलेली ताटली, कबुतरांना टाकलेले दाणे, उष्टे-खरकटे टाकलेला कंपोस्टचा खड्डा, झाडाखाली कुजणारी फळे. यांत कबुतरांच्या दाण्यांचा मुद्दा सोसायटीच्या सभेत कोणी काढत नाही, कारण तो पुण्यकर्माशी जोडलेला आहे. पण संध्याकाळी उरलेले दाणे घुशीच्याच वाट्याला जातात. कचऱ्याचा डबा झाकणाचा आणि चौथऱ्यावर हवा. कंपोस्टच्या खड्ड्याला तळाला आणि चारी बाजूंना अर्धा इंची वेल्डेड जाळी लावावी. शिजलेले अन्न, मासळीची खवले-काटे त्यात टाकू नयेत. लाकडे, जुनी कौले, उरलेल्या फरश्या जमिनीपासून फूटभर उंच मांडणीवर, भिंतीपासून सुटे ठेवावे. मागे हात जाईल इतकी मोकळी पट्टी राहिली की घूस तिथे बीळ धरत नाही.

पिंजरा

एक-दोन घुशी असतील तर पिंजराच उत्तम. बाजारातला लाकडी उंदीर-पिंजरा तिला पुरत नाही : ती अर्धी आत शिरते, दार तिच्या पाठीवर पडते आणि ती मागे सरकून निघून जाते. मग पुन्हा पिंजऱ्याकडे फिरकत नाही. निदान दीड-दोन फूट लांबीचा, जाड तारेचा पिंजरा घ्यावा. तो उघड्यावर न ठेवता भिंतीला समांतर, तिच्या वाटेवर ठेवावा आणि वर गोणपाट टाकावे. आमिषाला भाजलेले सुके खोबरे, सुका बोंबील, भजी. आमिष आकड्याला दोऱ्याने करकचून बांधावे, म्हणजे ओढल्याशिवाय निघणार नाही.

घूस नव्या वस्तूला बिचकते. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री पिंजऱ्याचे दार तारेने उघडेच बांधून आत आमिष ठेवायचे, ते खाल्ले जाऊ लागले की चौथ्या रात्री चाप लावायचा. ही वाट न पाहिल्यामुळे ‘आमच्याकडच्या घुशी पिंजऱ्यात येतच नाहीत’ असे निष्कर्ष निघतात. पकडलेली घूस दुसऱ्या गल्लीत सोडणे हा उपाय नव्हे; ती त्या गल्लीची घूस होते. महापालिका किंवा नगरपालिकेच्या कीटकनाशक विभागाकडे ती द्यावी. मुंबई महापालिका तर रात्री उंदीर मारणारे कामगार फार पूर्वीपासून नेमत आली आहे.

विष

घराच्या आवारात चालण्यासारखे विष म्हणजे ब्रोमाडिओलोनची ०.००५ टक्क्याची तयार मेणवडी. ते रक्त गोठू देत नाही. प्राणी चार ते सात दिवसांनी मरतो, त्यामुळे खाणे आणि मरणे यांचा संबंध बाकीच्यांना लागत नाही. पण मात्रेचा हिशेब इथे चुकतो. २० ग्रॅमच्या वडीत औषध फक्त १ मिलिग्रॅम असते. दीडशे ग्रॅमच्या उंदराला ते पुष्कळ झाले. किलोभर घुशीला त्याच हिशेबाने कितीतरी पट लागते. एक वडी टाकून घूस मेली नाही म्हणजे औषध बनावट असे नाही. चालू बिळापाशी दोन-तीन वड्या ठेवाव्यात, रोज पाहून खाल्लेल्या भरून काढाव्यात आणि हे १० ते १५ दिवस चालू ठेवावे.

वडी मोकळी टाकू नये. ४ इंची पीव्हीसी पाइपाचा दीड-दोन फुटांचा तुकडा भिंतीलगत आडवा ठेवून, मधोमध भोके पाडून वड्या तारेने आत बांधाव्यात. मूल, कुत्रे आणि पाऊस तिन्हींपासून ती सुरक्षित राहते, आणि घूस वडी ओढून साठवणीत नेऊ शकत नाही. मेलेले प्राणी रोज उचलणे आवश्यक आहे. विष खाल्लेली घूस घुबडाने किंवा मांजराने खाल्ली तर त्यांनाही बाधते. पाळीव प्राण्याच्या नाकातून, हिरडीतून रक्त दिसले तर वेष्टन घेऊन लगेच पशुवैद्याकडे जावे. या विषाला के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे.

झिंक फॉस्फाइडला तसा उतारा नाही. शेतात भरडलेले धान्य, थोडे तेल आणि वजनाच्या सुमारे २ टक्के औषध असे आमिष करतात. आधी दोन-तीन दिवस बिनविषारी धान्य देऊन चटक लावावी लागते, नाहीतर थोडे खाऊन आजारी पडलेला प्राणी पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. मुले-जनावरे असलेल्या अंगणात हे वापरू नये. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या बिळात टाकणे तर घराजवळ सरळ धोक्याचे : निघणारा फॉस्फिन वायू पोकळ जोत्यातून, फरशीच्या भेगांतून झोपायच्या खोलीत येतो. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीत, त्यावर कायद्याने निर्बंध आहेत. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यकृत निकामी करते आणि तिलाही उतारा नाही. ती घरात आणूच नये.

गिरिपुष्पाला मराठीत ‘उंदीरमारी’ म्हणतात, आणि त्याचे कुंपण लावले की घुशी येत नाहीत असा समज आहे. मध्य अमेरिकेत या झाडाची साल किंवा पाने धान्याबरोबर शिजवून उंदरांसाठी आमिष करत, त्यावरून हे नाव पडले. नुसत्या कुंपणाने घूस हटत नाही. झाड हिरवळीच्या खतासाठी मात्र जरूर लावावे. मिरचीची धुरी आणि बिळात पाणी सोडणे यांनी घूस दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते. पाण्याने वर जोत्याखालची माती धुऊन जाते, म्हणजे घुशीचे उरलेले काम आपण पुरे करतो. विजेवरची ‘आवाजाची’ यंत्रे जमिनीखाली पोहोचत नाहीत. मांजर पिल्ले धरते, मोठ्या घुशीच्या वाटेला जात नाही.

वेळ आणि बुजवणी

मे ते जूनचा पहिला आठवडा ही कामाची वेळ. बाहेर अन्न कमी असते, आमिष पटकन खाल्ले जाते. पाऊस सुरू झाला की सखल बिळांत पाणी भरून घुशी घराच्या उंचवट्याकडे सरकतात आणि पावसानंतर संख्या वाढते.

सलग तीन रात्री एकही तोंड उकरले गेले नाही, की मगच बुजवणी. नुसती माती लोटणे किंवा तोंडावर सिमेंटचा लपका मारणे व्यर्थ आहे. आत घूस असेल तर ती बाजूने नवे तोंड काढते, नसेल तर पोकळी तशीच राहते. पहारेने बीळ शेवटपर्यंत उकलावे, गवताचे घरटे काढून टाकावे, मग खडी-मुरुमाचे अर्ध्या फुटाचे थर पाणी मारून धुम्मसाने ठोकावेत. जोत्यालगत वरचा थर सिमेंट, वाळू आणि बारीक खडीच्या काँक्रीटचा द्यावा. मातीत काचा भरण्याची जुनी रीत आहे, पण पुढे त्याच जागी कुदळ मारणाऱ्याच्या पायाला त्या लागतात. खडीने तेच काम होते. वारंवार पोखरल्या जाणाऱ्या भिंतीलगत दोन फूट खोल चर खणून अर्धा इंची जाळी उभी सोडावी आणि तळाशी फूटभर बाहेरच्या बाजूला वळवावी. घूस भिंतीला धरून खाली खोदते, आडव्या जाळीवर येऊन अडते; मागे सरकून पुन्हा खोदायचे तिला सुचत नाही. गटाराच्या तोंडांना लोखंडी जाळी, चेंबरची झाकणे घट्ट.

आरोग्य

घुशीच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. बीळ उकलताना गमबूट आणि रबरी हातमोजे घालावेत, पायाला जखम असल्यास हे काम दुसऱ्याकडे द्यावे. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांना घुशीचे काम केल्याचे आवर्जून सांगावे. नाहीतर तो साधा ताप समजला जातो. मेलेली घूस हाताने न उचलता पिशवी उलटी करून धरावी, तिच्यावर ब्लीचिंग पावडर टाकावी आणि दोन फूट खोल पुरावी. विष न घालताच आवारात एकापाठोपाठ उंदीर-घुशी मरून पडू लागल्या तर त्यांना हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. प्लेगच्या पिसवा मेलेल्या उंदरावरून माणसावर येतात, आणि १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी प्लेग आढळला तेव्हाही माणसांच्या आधी उंदीर मरत होते.