मोरचूद, चुना आणि विळ्याचं पातं

ऑक्टोबरची छाटणी उरकली की निफाडकडच्या द्राक्षबागा निळ्या दिसायला लागतात. ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या), खोडं, तारा, फवारणाऱ्याचा शर्ट, सगळ्यावर निळी झाक. यंदा मामाच्या बागेत ते बोर्डो मिश्रण, म्हणजे वेलींच्या रोगांवरचं फवारणीचं औषध, बनताना मी जवळून पाहिलं. एका प्लास्टिकच्या ड्रममध्ये ५० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात १ किलो कळीचा चुना भिजवून गाळलेला. दोन्ही एकत्र केलं की आभाळी रंगाचं दाट पाणी. मामाने त्यात विळा बुडवला, थोडा वेळ धरला आणि पातं उन्हात फिरवून पाहिलं. पात्यावर तांबूस थर. "चुना कमी पडला रे," म्हणाला आणि मला आणखी निवळी ओतायला लावली.

ही शाळेतलीच रसायनशास्त्राची परीक्षा. पाण्यात मोकळे तांब्याचे आयन असतील तर लोखंड त्यांच्या जागी विरघळतं आणि तांबं पात्यावर बसतं. चुना पुरेसा असला की तांबं न विरघळणाऱ्या क्षारांत अडकतं आणि पातं स्वच्छ निघतं. मोकळं तांबं पानालाही जाळतं, म्हणून ही खटपट.

शोध लागला तो चोरांमुळे. फ्रान्समध्ये बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारत. १८८२ साली मिलार्दे या वनस्पतीशास्त्रज्ञाला दिसलं की नेमक्या त्याच वेली डावणी (डाउनी मिल्ड्यू) या रोगातून वाचल्यात. १८८५ मध्ये त्याने कृती प्रसिद्ध केली.

पण तांबं अडकलेलं असेल तर डावणी मरते कशी? उत्तर पहाटेच्या दवात आहे. डावणीचे चलबीजाणू दोन शेपट्या हलवत पाण्याच्या पातळ थरातून पोहतात आणि पानाच्या खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांतून आत शिरतात. दवात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पान आणि बीजाणू दोघंही थोडी आम्लं सोडतात, आणि क्षारातून तांबं चिमटी-चिमटीने सुटतं. पानाला मेणाचं कवच आहे; पोहणाऱ्या बीजाणूला भिंतसुद्धा नाही. तो तांबं ओढून घेत राहतो. (खरं तर डावणी ही बुरशीच नव्हे, शेवाळांच्या गोतावळ्यातली. पण तांबं हा भेद पाळत नाही, खऱ्या बुरशीलाही तेच करतं.)

आता माझा आवडता भाग. पेशीतली कितीतरी प्रथिनं धातू धरून काम करतात: कुठे लोह, कुठे जस्त, कुठे मँगनीज. आयर्विंग आणि विल्यम्स या रसायनशास्त्रज्ञांनी १९५३ साली या धातूंची पकड क्रमाने मांडली: मँगनीज, लोह, कोबाल्ट, निकेल, तांबं, अशी चढत जाते आणि जस्ताशी पुन्हा उतरते. तांबं शिखरावर. म्हणजे मोकळं तांबं पेशीत शिरलं की दुसऱ्याच्या खुर्चीत बसतं आणि उठत नाही. सर्वात आधी बळी जातात लोह-गंधकाचे गुच्छ, म्हणजे काही प्रथिनांत बसलेले लोह आणि गंधकाच्या अणूंचे छोटे झुबके. तांबं तिथल्या गंधकाला चिकटतं, लोह बाहेर पडतं, आणि त्या गुच्छावर चालणारी विकरं (एन्झाइम) बंद. शिवाय तांबं एक-धन आणि द्वि-धन अशा दोन रूपांत ये-जा करतं. दर फेरीत हायड्रोजन पेरॉक्साइडला एक इलेक्ट्रॉन दिला की हायड्रॉक्सिल मूलक (फार आक्रमक कण) तयार होतं, आणि ते समोर येईल ते जाळतं: पेशीपटलाची चरबी, प्रथिनं, डीएनए. इतक्या ठिकाणी एकदम मार बसल्यावर एखाद्या जनुकातल्या बदलाने सुटका होत नाही. एकाच विकराला धरणारी नवी औषधं काही हंगामांत बोथट होतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही बागाईतदाराला विचारा.

कोंड्याच्या शाम्पूतलं झिंक पायरिथिऑनही गमतीदार आहे. नाव जस्ताचं, पण यीस्टवरच्या प्रयोगांत दिसलं की पायरिथिऑन बाहेरचं तांबं पाठीवर घेऊन पेशीत सोडतं आणि तेच लोह-गंधकाचे गुच्छ मोडतं.

आता तांब्याच्या अंगठीने गजकर्ण जातो, असं सांगणाऱ्यांसाठी: हे सगळं होतं ते विरघळलेल्या आयनांमुळे, तेही बीजाणू तिथे असेल तर. बोटातली अंगठी मांडीवरच्या गजकर्णापर्यंत काय पाठवणार? डावणीसुद्धा एकदा पानाच्या आत गेली, वर तेलकट डाग उमटले, की बोर्डोचा उपयोग नाही.

बोर्डो "सेंद्रिय शेतीला चालतं म्हणजे बिनविषारी" हा समजही तसाच. मूलद्रव्य कुजत नाही. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबं. हेक्टरी १००० लिटर बोर्डो मारलं तर एका फवारणीत अडीच किलो तांबं जमिनीवर. युरोपीय संघाची तांब्याची मर्यादा ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे अशा अकरा फवारण्या. मामाला हा हिशेब सांगितला. तो म्हणाला, "अन् तुझ्या आजोबांनी मारलेलं कुठंय?" तिथेच, त्याच वरच्या वीतभर मातीत.