गिलाव्याचा हिशेब: भाव चौरस फुटाचा, खर्च जाडीचा

मुंबईत गिलाव्याचा, म्हणजे प्लास्टरचा, भाव विचारला की कंत्राटदार चौरस फुटाचा आकडा सांगतो. आकडा खरा असला तरी त्यात एक माप गाळलेलं असतं, ते म्हणजे जाडी. भिंत ओळंब्यात असेल तर १२ मिलिमीटरचा गिलावा पुरतो. ती कलली असेल, मधे फुगली असेल, तर त्याच चौरस फुटात दीडपट-दुप्पट माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट आणि रेती, जातो. मग काम अर्ध्यावर आल्यावर ‘साहेब, भिंत वाकडी निघाली’ हे वाक्य ऐकू येतं आणि अंदाजपत्रक कोलमडतं. भिंत वाकडी आहे का, हे आधीच कळू शकतं आणि त्याला अर्धा तास पुरतो.

छताजवळ भिंतीपासून थोडी दूर, भिंतीच्या लांबीभर एक दोरी आडवी ताणून बांधा. त्या दोरीवरून दर तीन-चार फुटांवर ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडा आणि ओळंब्याची दोरी ते भिंत हे अंतर वर, मधे आणि खाली मोजून लिहून ठेवा. समजा सगळ्यात कमी अंतर ४० मिमी आलं, सगळ्यात जास्त ५६ आणि सरासरी ४८. सगळ्यात पुढे आलेल्या जागी किमान १२ मिमी जाडी हवीच. मग सरासरी जाडी झाली १२ अधिक (४८ वजा ४०), म्हणजे २० मिमी. सगळ्यात खोल जागी ती २८ मिमी होईल. आता कंत्राटदाराला भाव विचारायचा तो ‘२० मिमी सरासरी, दोन थरांत’ असा. जुन्या गिलाव्याचा फुगवटा असेल तर तेवढाच टाचून काढला की सरासरी खाली येते. वीटच पुढे आली असेल तर तिला हात लावू नये.

आता माल. १०० चौरस फुटांवर १२ मिमी जाडी म्हणजे ०.१११ घनमीटर ओला माल. विटांच्या सांध्यांत जाणारा आणि खाली पडणारा माल धरून त्यात २० टक्के वाढवा. सिमेंट आणि रेती कोरडी मोजतो, ओली झाल्यावर ती आक्रसून बसते, म्हणून पुन्हा १.३३ ने गुणा. उत्तर येतं सुमारे ०.१८ घनमीटर. ५० किलोच्या गोणीत सिमेंट असतं साधारण ३५ लिटर. यावरून १:४ प्रमाणाला (एक माप सिमेंट, चार मापं रेती) १०० चौरस फुटांमागे एक गोणी लागते, १:६ ला पाऊण. रेती दोन्हीकडे पाच-साडेपाच घनफूट. आतल्या विटांच्या भिंतीला १:५ किंवा १:६ पुरतं. बाहेरच्या भिंतीला १:४ धरावं आणि ते काम दोन थरांत, एकूण २० मिमी.

१० बाय १२ ची, साडेनऊ फूट उंचीची खोली घ्या. चार भिंती ४१८ चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता साधारण ३८०. पुढचे भाव फक्त रीत दाखवण्यापुरते धरले आहेत, आपल्या नाक्यावरचे भाव घालून पाहावेत: सिमेंट ४०० रुपये गोणी, रेती मजल्यावर पोचवून ६० रुपये घनफूट, गवंडी आणि बिगाऱ्याची जोडी दिवसाला २००० रुपये. एक जोडी दिवसात ८० ते १०० चौरस फूट गिलावा नीट करते. १:५ प्रमाणात १२ मिमीला साडेतीन गोण्या, २० घनफूट रेती आणि चार दिवस, म्हणजे १०,६०० रुपये, चौरस फुटाला २८. त्याच खोलीला २० मिमी लागले तर साडेपाच गोण्या, ३३ घनफूट रेती आणि दोन थरांमुळे सहा दिवस. खर्च १६,१८० रुपये, चौरस फुटाला जवळजवळ ४३. वाढलेल्या ५,५८० रुपयांत ४,००० मजुरीचे आहेत.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडली आहे. १:४ ऐवजी १:६ केल्याने या खोलीत वाचते जेमतेम एक गोणी. म्हणजे सिमेंटवर घासाघीस करून हाती काही लागत नाही. ‘जरा सिमेंट जास्त घाला, मजबूत होईल’ हा आग्रह तर उलटाच पडतो. सिमेंट जास्त तितका गिलावा आकसतो जास्त, आणि नकाशासारख्या बारीक भेगा पडतात. असाच प्रकार शेवटच्या हाताला होतो. पृष्ठभागावरचं पाणी लवकर ओढलं जावं म्हणून गवंडी त्यावर कोरडं सिमेंट शिंपडतो. वरच्या अर्ध्या मिलिमीटरात सिमेंटचं प्रमाण एकदम वाढतं, ती साल आतल्या थरापेक्षा जास्त आकसते आणि चिरते. त्यापेक्षा थोडं थांबून, पाणी आपोआप ओढलं गेल्यावर लाकडी रंधा फिरवावा. वरून गुळगुळीतपणा हवा असेल तर नीरूचा, म्हणजे चुन्याच्या लापीचा, पातळ हात द्यावा.

रेतीकडे मात्र बारीक लक्ष हवं. ती ब्रासने, म्हणजे १०० घनफुटांनी विकली जाते. किरकोळ कामाला गोणीने. ओलसर रेतीच्या कणांभोवती पाण्याचा पापुद्रा बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि रेती फुगते. पाच-सात टक्के ओलाव्यालाही आकारमान २०-३० टक्क्यांनी वाढतं, बारीक रेतीत त्याहून जास्त. म्हणून जुलैत घेतलेल्या ब्रासमध्ये खरी रेती ८० घनफूटच असू शकते. शिवाय घमेल्याने मोजताना रेती कमी पडून माल नकळत श्रीमंत, म्हणजे जास्त सिमेंटचा, होतो, आणि श्रीमंत मालाच्या भेगा वर पाहिल्याच. तपासायला सरळ बाजूंच्या डब्यात रेती भरून उंची मोजा. रेती बाहेर काढा, डबा अर्धा पाण्याने भरा आणि तीच रेती थोडी थोडी परत टाकून ढवळा. पूर्ण भिजलेली रेती पुन्हा खाली बसते. १० इंचांची ८ इंच झाली तर फुगवटा २५ टक्के, आणि मापाच्या चार घमेल्यांऐवजी पाच घालायची.

मातीसाठी काचेची बरणी पुरते. अर्ध्यापर्यंत रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या थराच्या ८ टक्क्यांहून जाड असेल तर गाडी परत पाठवावी. खाडीची रेती असेल तर प्रश्न मिठाचा. मीठ हवेतली ओल ओढतं, भिंतीवर पांढरा लोणा फुटतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. क्रश सॅण्ड (दगड भरडून केलेली रेती) घेतलीत तर ती गिलाव्यासाठी चाळलेली, बारीक हवी. काँक्रीटची जाड क्रश सॅण्ड भिंतीवर टिकत नाही.

सिमेंट ‘सुकतं’ असं आपण म्हणतो, त्यातून बरेच घोटाळे होतात. सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग करून घट्ट होतं, आणि पाणी संपलं की संयोग थांबतो. भिंत कोरडी असेल तर वीट मालातलं पाणी शोषून घेते, कारण विटेला तिच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी पिण्याची मुभा विटांच्या भारतीय मानकातच आहे. मग गिलावा भिंतीजवळ भुसभुशीत राहतो आणि टकटक केल्यावर पोकळ वाजतो. म्हणून विटांची भिंत आदल्या दिवशी भिजवायची आणि लावताना ती ओलसर पण निथळलेली हवी. नव्या टॉवरांतले एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) मात्र भिजवायचे नाहीत, नुसता फवारा मारायचा. काँक्रीटचे खांब-तुळया इतक्या गुळगुळीत असतात की टाचे (छिन्नीने खाचा) मारल्याशिवाय किंवा जोडणारं रसायन लावल्याशिवाय त्यांना गिलावा धरत नाही. खांब आणि वीट जिथे भेटतात तिथे सहा-आठ इंच रुंद चिकन मेश लावायची. दोन्ही वस्तू उन्हाने वेगवेगळ्या प्रसरण पावतात, आणि तिथली उभी भेग कुठल्याही पुट्टीने बुजत नाही.

एका थरात १५ मिमीपेक्षा जास्त माल मारला की तो स्वतःच्या वजनाने खाली सरकतो. पहिला थर खरवडून, किमान दोन दिवस ओला ठेवून मग दुसरा मारावा. कालवलेला माल तासाभरात संपवायचा. जेवणाच्या सुट्टीत घट्ट झालेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा ‘जिवंत’ होत नाही. गिलावा पूर्ण झाल्यावर किमान सात दिवस पाणी मारायचं, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा. पालिकेचं पाणी दिवसातून काहीच तास येत असेल तर पिंप भरून ठेवण्याची सोय आणि पाणी मारणाऱ्याचा पगार अंदाजपत्रकात लिहा, कारण कंत्राटदार तो धरत नाही. रंग महिन्याभराने. ताज्या गिलाव्याचा क्षारपणा तेलकट रंगाला अक्षरशः साबणासारखा विरघळवतो.

आतल्या कोरड्या भिंतींसाठी जिप्समचा पर्याय आहे आणि बहुतेक नव्या फ्लॅटमध्ये तोच असतो. जिप्समचं पीठ भाजताना उडालेलं पाणी परत घेऊन सुयांसारखे स्फटिक बनवतं. ते एकमेकांत गुंततात आणि घट्ट होताना किंचित प्रसरण पावतात, म्हणून आकसण्याच्या भेगा पडत नाहीत. २५ किलोची गोणी १३ मिमीला २१ चौरस फुटांच्या आसपास जाते. आपल्या खोलीला १८ गोण्या. माल महाग, पण रेती नाही, पाणी मारणं नाही आणि काम लवकर उरकतं. माल अर्ध्या तासात जमतो, म्हणून थोडा थोडाच कालवावा लागतो. न्हाणीघरात आणि ओल येणाऱ्या भिंतीवर मात्र तो लावूच नये. जिप्सम पाण्यात थोडं का होईना विरघळतं, आणि सतत ओलसर राहिलं की मऊ पडतं.

जुना गिलावा पाडायचा असेल तर तो खर्च वेगळा मांडा. ३८० चौरस फुटांवरचा २० मिमी गिलावा म्हणजे सुमारे १४०० किलो डेब्रिज, म्हणजे ३० किलोच्या पंचेचाळीस-पन्नास गोण्या. त्या खाली उतरवायची मजुरी दर गोणीला, दर मजल्याला घेतात. सोसायटी लिफ्ट वापरू देते का, आवाजाच्या कामाची वेळ कोणती, अनामत किती, हे आधी विचारा, कारण दिवसाचे चारच तास ठोकायला मिळाले तरी मजुरी पूर्ण दिवसाची जाते. सरसकट पाडायचीही गरज नसते. थापीच्या मुठीने भिंत वाजवत जा, पोकळ वाजेल तिथे खडूने रेघ मारा आणि तेवढंच काढा.

ओलीचं मूळ गिलाव्यात शोधू नका. नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना झोडपतो. पाणी बाहेरच्या भेगेतून, नहाणी ट्रॅपमधून (न्हाणीघराच्या जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालून) किंवा पाइपाच्या सांध्यातून येतं. ते बंद न करता आतून नवा गिलावा मारला तर पुढच्या श्रावणात पैसे भिंतीवरून ओघळतात. वॉटरप्रूफिंगचं रसायन गोणीमागे डब्यावर लिहिलेल्या मापानेच घालावं. छताचा गिलावा गंजलेल्या सळ्यांसकट सुटत असेल तर गवंड्याला बोलवू नका. गंज लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं.

कोटेशन घेताना मोजणी लिहून घ्या. बांधकामाच्या मोजणीचं भारतीय मानक आयएस १२००, त्याच्या भाग १२ प्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नसते. अर्धा ते तीन चौरस मीटरला भिंतीच्या एकाच बाजूची वजावट होते आणि त्या बदल्यात दार-खिडकीभोवतीच्या कडा मोजत नाहीत. त्यापुढे दोन्ही बाजू वजा आणि कडा वेगळ्या. वजावटही नाही आणि कडांचे रनिंग फुटाने पैसेही, असं दुहेरी बिल सर्रास लावतात. परांची, चिकन मेश, डेब्रिज आणि वायरिंगच्या खाचा बुजवणं दरात आहे का, तेही लिहा. जीएसटी धरला आहे का विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा त्याआधीचं कोटेशन पुन्हा करून घ्यावं. एकूण रकमेत दहा टक्के अडीअडचणीला ठेवा, ओळंबा टाकला नसेल तर वीस. शेवटचा हप्ता पाणी मारून झाल्यावर पंधरवड्याने द्यायचा ठरवा, भिंत पुन्हा थापीने वाजवून आणि पोकळ निघालेल्या जागा त्याच पैशांत दुरुस्त करून घेऊन.