स्वतंत्र ऑनलाइन पत्रकारिता (सातारा–सांगली)

वृत्तपत्राची वा वाहिनीची नोकरी न धरता स्वतःच्या वेब पोर्टलवरून, यूट्यूब चॅनलवरून किंवा फेसबुक पेजवरून बातम्या देण्याचा व्यवसाय. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत तो मुख्यतः तालुक्याच्या गावी चालतो. बातमी आणणारा, मोबाइल धरून चित्रण करणारा, मजकूर लिहिणारा आणि जाहिरात मागायला जाणारा बहुधा एकच असतो. सरकार आणि माध्यमे यांच्यातील ताण दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थांवरून मोजण्याची सवय आहे. तालुक्यातला ताण निराळा. तिथे ज्याच्याविरुद्ध बातमी जाते तो दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर भेटतो.

उत्पन्नाची साधने मोजकी: नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, दिवाळी, साखर कारखान्याच्या गळीत हंगामाचा शुभारंभ. कारखाना, दूध संघ, बँक आणि आमदारकी बऱ्याचदा एकाच घरात असल्याने काटामारीची (उसाच्या वजनातील चोरीची) किंवा थकलेल्या एफआरपीची (उसाच्या सरकारने ठरवलेल्या किमान दराची) बातमी लागली की पुढची जाहिरात जाते. कुठे कागद होत नाही, त्यामुळे दादही मागता येत नाही. (दुसरी बाजूही आहे. बातमी दाबण्यासाठी पैसे मागणारी पोर्टलेही निघाली, आणि त्यांच्या पापाची फळे प्रामाणिकपणे काम करणाऱ्याला सरकारी कचेरीत भोगावी लागतात.)

पोलिसांकडून येणारा सर्वांत परिचित कागद म्हणजे ‘१४९ ची नोटीस’. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या या कलमाखाली पोलिसांना दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी आधीच पाऊल उचलता येत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याचे कलम १६८ झाले. बोलण्यात १४९ च राहिले. मंत्र्याचा दौरा, आंदोलन किंवा मिरवणूक जवळ आली की व्हॉट्सअॅप ग्रुप अ‍ॅडमिनला ठाण्यात बोलावून नोटिशीवर सही घेतली जाते. गुन्हा दाखल झालेला नसतो, म्हणून कोर्टात जाण्याचे कोणी मनावर घेत नाही. पुढची पोस्ट टाकताना मात्र हात आखडतो.

१ मार्च २०२४ पासून लागू झालेला वृत्तपत्र नोंदणीचा नवा कायदा नियतकालिकांपुरता आहे, पोर्टलला त्यात जागा नाही. म्हणून काही जण जोडीला एखादे साप्ताहिक काढून ठेवतात. नोंदणी क्रमांक असला की निदान ओळखपत्र दाखवता येते. डिजिटल बातम्यांना लागू आहेत ते २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम. त्यातील आचारसंहिता पाळणे सक्तीचे करणाऱ्या नियम ९ च्या दोन पोटनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगिती दिली. केंद्राच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार केंद्राच्याच कक्षाला देणारी २०२३ ची दुरुस्तीही याच न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली मजकूर बंद करण्याचा केंद्राचा अधिकार शाबूत आहे, आणि त्या आदेशांविषयी गोपनीयता पाळण्याची तरतूद २००९ च्या नियमांतच आहे.

छापील काळातही या भागाने हे सोसले आहे. इस्लामपूर सातारा जिल्ह्यात होते तेव्हा तिथून ‘प्रतोद’ हे पत्र निघे. १८९७ साली, पुण्यातील प्लेग आणि रँडवरील गोळीबाराने सरकार बिथरलेले असताना, स्वतंत्र होण्याच्या तयारीविषयीच्या एका लेखावरून त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला. सातारच्या सत्र न्यायालयाने संपादकाला जन्मठेप काळ्या पाण्यावर धाडण्याची शिक्षा ठोठावली. लोकमान्यांना त्याच वर्षी, त्याच कलमाखाली, १८ महिने झाले होते. आडगावच्या संपादकाला कायदा जास्त लागला, असेच म्हणावे लागते. अपील उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे गेले. पीठात महादेव गोविंद रानडे होते. सरकारविषयी नुसते प्रेम नसणे पुरेसे नाही, राजनिष्ठेला छेद देणारा प्रत्यक्ष द्वेष हवा, असा अर्थ त्यांनी लावला. शिक्षा बरीच उतरली, दोष मात्र कायम राहिला. वाईच्या ‘मोदवृत्ता’वरही त्याच लाटेत खटला झाला.

राजद्रोहाचे ते कलम १२४अ सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी थोपवून धरले. नव्या न्यायसंहितेत त्याचे नाव नाही. पण देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठीच्या कलम १५२ मध्ये इलेक्ट्रॉनिक संदेशांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे.

या सगळ्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे इंटरनेटच बंद करणे. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमांवरील मजकुरावरून दंगल उसळली, एकाचा जीव गेला आणि सातारा जिल्ह्यातील इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. अफवा थांबवायचा हेतू समजण्यासारखा आहे. असे आदेश प्रसिद्ध करावेत आणि ते बेमुदत नसावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सांगितले आहे. मात्र बंदीच्या काळात अफवा तोंडी फिरत राहते, आणि ती खोडून काढू शकणारा गावातला पोर्टलवाला घरी बसून असतो. सकाळी येते ते छापील दैनिक, आदल्या दिवशीच्या पोलीस पत्रकासह.